वाफेवर लिहिलेलं नाव

घरातला पोरगा मॅट्रिक झाला की एक प्रश्न आपोआप उंबऱ्यात येऊन बसतो : आता ह्याचं करायचं काय? कोरेगावाजवळच्या बाळासो बर्गे हवालदारांच्या घरी मात्र तीन पिढ्या हा प्रश्न फिरकला नव्हता. आजा पलटणीत, चुलते पलटणीत, आणि स्वतः बाळासो पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर आलेले. त्या घरातली मांजरंसुद्धा रांगेनं चालायची, आणि हवालदारांनी हुकूम दिल्याशिवाय कोंबडा आरवायचा नाही. खोटं वाटत असेल त्यानं कोरेगावच्या बाजारात जाऊन विचारावं. खरंखोटं कळणार नाही, पण येताना गूळ तरी आणता येईल.

तर हवालदारांचा एकुलता एक लालासाहेब मॅट्रिक झाला आणि साताऱ्याला भरतीला गेला. डॉक्टरनं फीत लावली. छाती अर्धा इंच कमी! आता हा अर्धा इंच आड येणार हे पोराला ठाऊक होतं, म्हणून त्यानं कोरेगावात एस.टी.त चढतानाच श्वास भरून घेतला होता, आणि साताऱ्यापर्यंत सोडला नव्हता. कंडक्टरनं "कुठं जायचं?" म्हणून तीनदा विचारलं, तर ह्यानं हातानंच खुणा केल्या. पण ऐन वेळी डॉक्टर म्हणाला, "नाव सांग," आणि नाव सांगताना सगळा वारा निघून गेला.

घरी आल्यावर हवालदार दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "मास्तर हो."

लालासाहेबाची आई, शालूबाई, भाकरी वाढता वाढता थांबल्या. "आवं, पन मास्तरकीला कायतरी यावं लागत आसंल की!"

"काय यावं लागतंय? खडू धरता आला म्हंजे झालं. सावलीचं काम हाय, सुट्ट्या हायत्या. आन तितं छाती मोजत न्हाईत. ज्येला कुटंच घेत न्हाईत, त्येला शाळंत घेत्यात."

वाचकहो, हवालदारांना हसू नका. हे वाक्य तुम्ही-आम्हीही कधी ना कधी बोललोच आहोत. बैल घ्यायचा झाला तर आपण दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. आणि ज्याच्या हाती पोटचं पोर सोपवायचं, तो मात्र सगळीकडून उरलेला चालतो!

अशा रीतीनं, कुठंच न घेतलेला लालासाहेब चौऱ्याहत्तर सालच्या जूनमध्ये सांगलीच्या एका अध्यापक विद्यालयात दाखल झाला, डी.एड. करायला.

राहायची सोय झाली माधवनगरला, आक्काताई मगदूम यांच्या घरी. आक्काताई साठीच्या, जैन घरातल्या. उडदाचे पापड लाटून घ्यायचा त्यांचा व्याप होता, आणि लाटायला शिकायला येणाऱ्या बायकांनी त्यांचा सोपा दुपारभर भरलेला असे. त्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण व्हायचं. मावळल्यावर चूल बंद म्हणजे बंद. लालासाहेबाला पहिले आठ दिवस हे ध्यानात आलं नाही. मग आलं ते असं, की चार वाजता कॉलेज सुटलं की तो सांगलीहून सायकल हाणत यायचा ती थेट ताटावरच. सायकल त्याच्या आधी पोचायची म्हणतात. पण भूक लागून जेवणं आणि वेळेवर जेवणं, यानं अंगाला लागतं. ही गोष्ट ध्यानात असू द्या, पुढं कामाला येईल.

आक्काताईंचा भाचा सुकुमार त्याच विद्यालयात एक वर्ष पुढं होता. अभ्यासापेक्षा युक्त्या त्याला जास्त ठाऊक. दुसऱ्या वर्षी लालासाहेबाचा वार्षिक पाठ जवळ आला, म्हणजे परीक्षकासमोर सराव शाळेतल्या वर्गाला शिकवून दाखवायचं, तेव्हा सुकुमार, जो आता पास होऊन नोकरीच्या कॉलची वाट बघत होता, त्यानं ट्रंकेतून एक जाड वही काढली.

"ही पोथी," तो म्हणाला. "पाण्याची वाफ, इयत्ता तिसरी. ह्या पाठावर आजवर कुणी नापास झालेला न्हाई. प्रत्येकानं मागच्याची उतरवली आन पास झाला. तूपन उतरव."

पोथी इतक्यांदा उतरवली गेली होती, की मूळ वहीवर पडलेला शाईचा डाग पुढच्या प्रत्येकानं जपून उतरवला होता. गुरुजी काय म्हणतील, मुलं काय म्हणतील, कुठं हसायचं, सगळं लिहिलेलं.

"आणि मुलं असंच म्हणाली नाहीत तर?" लालासाहेबानं विचारलं.

"म्हनत्यात! आदल्या दिवशी पेरणी करायची असती गड्या. लिमलेटच्या गोळ्या घेऊन जायाचं, उत्तरं पाठ करून घ्यायची. ज्यांना जमतं ती पयल्या बाकावर. जमत न्हाई त्यांना म्हनायचं, उद्या घरी ऱ्हावा. दुसऱ्या दिवशी नुसती कापणी!"

लालासाहेब सोप्यात बसून पोथी उतरवू लागला. शेजारी आक्काताई लाट्या करत होत्या. त्यांना मोडीसुद्धा वाचता येई, त्यामुळं त्यांनी मान वाकडी करून वाचलं.

"हे रं काय लालासो? 'गुंडा उत्तर देईल.' कोन ह्यो गुंडा?"

"आसंल कोनतरी. पोथीत हाय."

"म्हंजे पोरगं कुटलं ते ठावं न्हाई, पन ते काय बोलनार ते तुला ठावं हाय!"

"आवं आक्काताई, परीक्षा हाय ही. सगळी आसंच करत्यात."

आक्काताईंनी लाटणं बाजूला ठेवलं. "हे बघ. माज्याकडं बारा बाया पापड शिकायला येत्यात. जिचा पापड गोल येतो, तिच्या वाटंलाच मी जात न्हाई. तिला माजी काय गरज? जिचा पापड लाटता लाटता कर्नाटकाचा नकाशा हुतो, तिच्या शेजारी मी बूड टेकून बसते. तू तर नकाशावाल्यांनाच घरी बसवतुयास आन गोलवाल्यांना परत गोल लाटाय लावतुयास. मग तू शिकवलंस कुनाला?"

"माज्या आबांनी मला खडू धरायला पाठवलंय," लालासाहेब हसत म्हणाला. "खडू धरीन आन जाईन."

"मग धर बाबा," आक्काताई म्हणाल्या, आणि पुन्हा लाटणं उचललं. पण त्यानंतरचा पापड त्यांनी जरा जोरातच लाटला.

पेरणी झकास झाली. दोन मुठी गोळ्यांत तिसरीतली हुशार पोरं तयार झाली. ज्यांना जमलं नाही ती चौदा पोरं घरी बसायला खुशीनं तयार झाली. ती तर सुट्टीच. पहिल्या बाकावर पहिली आली रंगू. चुणचुणीत, दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला. तिला गोळीचीसुद्धा गरज पडली नाही. सगळा पाठ तिला आधीच तोंडपाठ.

"तुला गं कुणी शिकवलं?" लालासाहेब चकित झाला.

"आमच्या दादानं! त्येला सगळा येतोय."

लालासाहेबाला वाटलं, चला, एक चिंता मिटली. दादा म्हणजे तिचा बाप; तो कोण, हे त्यानं विचारलं नाही.

पाठाचा दिवस उजाडला. परीक्षक होते चौगुले सर, पांढरा सदरा, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं मोजकं. ते मागं खुर्चीवर बसले. बाहेर व्हरांड्यात शाळेचा शिपाई स्टोव्ह पेटवून सरांच्या चहाचं आधण ठेवत होता. लालासाहेबानं फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलं : वाफ. पुठ्ठ्यावर काढलेलं पातेल्याचं चित्र टांगलं. पातेल्यातून निळ्या खडूची वाफ निघत होती. खरं पाणी उकळत बसू नको, वेळ जातो, असं पोथीतच लिहिलेलं होतं.

प्रश्नाला हात वर, उत्तराला उत्तर. गाडी अशी रुळावरून चालली होती, की लालासाहेब मध्येच झोपला असता तरी पाठ पुरा झाला असता. आणि तो एका परीनं झोपलाच! कारण तोंड आपोआप चालू होतं, आणि त्या तोंडातून पोथीतलं पुढचं वाक्य जसंच्या तसं बाहेर पडलं :

"शाबास! आता पाण्याचा प्रवास कोण सांगेल? गुंडा, तू सांग बरं."

मुलं एकमेकांकडं बघू लागली. गुंडा नावाचं पोरगंच वर्गात नव्हतं. लालासाहेब पोथीवरून उतरवलेल्या टाचणाची पानं चाळू लागला.

आणि तेवढ्यात व्हरांड्यातून खणखणीत आवाज आला : "सूर्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते गुरुजी वाफ वर जाते थंड होते तिचे ढग होतात ढगांतून पाऊस पडतो आणि पाणी पुन्हा नदीला मिळते!"

दारात शिपाई उभा होता. तिशीला टेकलेला, खाकी हाफ पँट, एका हातात चहाचं फडकं, हात मात्र जोडलेले आणि नजर समोर भिंतीवर. वर्ग खो खो हसला. फक्त रंगू अभिमानानं टाळ्या वाजवू लागली. "आमचा दादा! आमचा दादा!"

चौगुले सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आत या. नाव काय तुमचं?"

"गुंडा, सायेब. चुकलं माजं. नाव घेतलं की त्वांडातनं येतंयच ते."

"कुठं शिकलात हे?"

"हितंच की. ह्याच वर्गात. मी तिसरीला तीन वरसं हुतो. कालिजची पोरं यायची, मला म्हनायची, गुंडा, तुजा आवाज मोटा, तू उत्तर द्यायाचं. गोळ्या द्यायची. शाळा सुटली, शिपाई झालो, तरी दर साली ह्योच पाठ. मग पोरीलापन शिकिवला."

सरांनी फळ्याकडं बोट केलं. "तो शब्द वाचा बरं."

गुंडानं फळ्याकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. ज्या शब्दाचं उत्तर तो वीस वर्षं देत आला होता, तो शब्द समोर दोन अक्षरांत उभा होता, आणि गुंडाला तो ओळखू येईना. मग तो ओशाळा हसला.

"ते कुटलं वाचायला येतंय सायेब! पगाराला आंगठा करतो मी. मी उत्तर द्यायला हुतो, शिकायला न्हवतो."

वर्गात कुणी हसलं नाही. रंगूच्या टाळ्या थांबल्या.

"रंगू," लालासाहेबानं हळूच विचारलं, "तुला येतो का गं वाचता?"

रंगूनं फळ्याकडं बघितलं आणि एका दमात सुरू केलं, "सूर्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते गुरुजी वाफ वर जाते..."

बापासारखंच! तोच सूर, तीच नजर भिंतीवर. एका माणसाची शाळा पोथीनं खाल्ली होती, आणि आता तीच पोथी त्याच्या लेकीच्या पानावर बसली होती. वाढायला कोण होता? तो स्वतः!

सरांनी घड्याळ बघितलं. "तुमची अठरा मिनिटं उरलीत. पाठ पुढं चालू करा."

टेबलावर टाचण उघडं होतं. पुढची ओळ होती, 'मुले आनंदाने होकार देतील.' ती म्हटली की पास. लालासाहेबानं टाचण मिटलं.

"मुलांनो, खरं सांगा. वाफ म्हणजे काय, हे कुणाला कळलेलं नाही?"

एकही हात वर येईना. न कळल्याचा हात वर करायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग लालासाहेबानं आधी आपलाच हात वर केला. "मलाही नीट कळलेलं नाही. मी फक्त पाठ केलंय."

तेव्हा रंगूचा हात अर्धवट वर आला. "गुरुजी, वाफ तर उडून जाती. मग तिचं परत पानी कसं हुतंय?"

"चला, बघू!"

सगळी तिसरी व्हरांड्यात आली. स्टोव्हवर सरांच्या चहाचं आधण खदखदत होतं. गुंडानं त्यावर झाकायला आणलेली पितळी ताटली लालासाहेबानं फडक्यानं धरली आणि वाफेवर तिरकी केली. लखलखीत पितळ बघता बघता धुरकट झालं, मग कडेला बारीक थेंब जमले, एक थेंब घरंगळला आणि रंगूच्या हातावर टपकला.

"आगं बया! पाऊस!" रंगू ओरडली, आणि सगळ्या पोरांनी हात पुढं केले.

पाठ करून वीस वर्षांत जे कळलं नाही, ते त्या एका थेंबात कळलं. गुंडा तर ताटलीखाली वाकून बघतच राहिला. "आसं हाय व्हय हे! आरं, मी रोज च्या करतोय की रं!"

लालासाहेबानं ताटली पुसली, पुन्हा वाफेवर धरली आणि ती धुरकटल्यावर गुंडाचं बोट आपल्या हातात घेतलं. दोघांनी मिळून त्या वाफेवर लिहिलं : गुंडा.

"हे काय हाय?" गुंडानं विचारलं.

"हे तू हायस."

गुंडानं मान कलती करून स्वतःकडं बघितलं. पण वाफच ती. अक्षरांच्या कडा ओघळल्या, थेंब झाले, नाव गळून गेलं.

"गुरुजी, पुसलं की!" तो घाबरून म्हणाला.

"पुसू दे. परत लिहू."

घंटा द्यायची वेळ होऊन गेली होती, पण घंटा देणारा नाव लिहीत होता. त्या दिवशी शाळा सतरा मिनिटं उशिरा सुटली. सरांना चहाही मिळाला नाही. आधण सगळं वाफ होऊन गेलं होतं.

जाताना चौगुले सर लालासाहेबाला बाजूला घेऊन म्हणाले, "टाचण एक आणि पाठ दुसरा. नियमानं मला ह्याला गुण देता येणार नाहीत. ऑक्टोबरात पाठ पुन्हा द्यावा लागेल, तोवर प्रमाणपत्र नाही." जरा थांबून म्हणाले, "हा पाठ मी शंभर वेळा ऐकलाय. पोथी आहे हे ओळखून गप्प बसलोय. तुझ्याइतकाच मीही नापास, समज. ऑक्टोबरात तुझ्या हातचं टाचण आण."

ही बातमी पत्रानं कोरेगावला गेली, आणि पत्राचं उत्तर म्हणून स्वतः हवालदारच आले. साताऱ्याला पुढच्या आठवड्यात भरती होती. त्यांनी पिशवीतून फीत काढली, सोप्यात बायकांसमोरच पोराच्या छातीला लावली, आणि त्यांचे डोळे विस्फारले. दोन वर्षांचं वेळेवरचं जेवण आणि रोजची सायकल! अर्धा इंच सोडा, दीड इंच जास्त!

"मापात बसली छाती!" हवालदार ओरडले. "चल. बिस्तारा गुंडाळ. हितं नापासबी झालास, त्ये बरंच झालं."

"आबा, मी येत न्हाई."

"का?"

"तवा मला कुटं घेत न्हवते म्हनून मी हितं आलो. आता घेत्यात, तरी मला हितंच ऱ्हायचंय. ऑक्टोबरात पाठ देतो. तवर गुंडाला रोज शाळा सुटल्यावर शिकवायचं कबूल केलंय. आन त्या चौदा पोरांनाबी, ज्यांना मी घरी बसवलं हुतं."

"खुळा का शाना रं तू? एका शिपायापायी पलटन सोडतोस?"

आक्काताईंनी पाण्याचा तांब्या हवालदारांपुढं ठेवला. "हवालदारसायेब, तुमाला लिवायला येतंय?"

"म्हंजे काय! पलटणीतनं घरी पत्रं मीच लिवत हुतो. निम्म्या कंपनीची लिवून द्यायचो."

"कुनी शिकिवलं?"

"पलटणीतच. शिक्षण हवालदार हुता एक, डोंगराकडला. माज्या हातावर हात धरून गिरवून घ्यायचा. रात्रपाळी करून आलो तरी म्हनायचा, बाळासो, चार ओळी काढूनच झोप."

"नाव काय त्येंचं?"

हवालदारांनी तोंड उघडलं. आणि ते तसंच राहिलं. त्यांना आपल्या रायफलचा नंबर पाठ होता. तीन कर्नलसाहेबांची नावं पाठ होती, त्यांच्या कुत्र्यांचीसुद्धा. पण ज्यानं हात धरून अक्षर दिलं, त्याचं नाव काही केल्या आठवेना. त्यांनी तांब्या उचलला, न पिताच खाली ठेवला.

"छाती मोजनाऱ्याचं नाव आठवतंय मला," ते अखेर पुटपुटले. "डॉक्टर चढ्ढा. आन ह्येचं न्हाई!"

मग हवालदारांनी फीत गुंडाळली आणि पिशवीत टाकली.

"ऑक्टोबरात नीट दे पाठ," ते म्हणाले. "आन त्या शिपायाला म्हनावं, रोज चार ओळी काढूनच झोप."

ऑक्टोबरात लालासाहेबानं स्वतःच्या हातचं टाचण काढलं. त्यात मुलं काय म्हणतील ती जागा कोरी ठेवली होती. तो पास झाला, पोथीवाल्यांपेक्षा कमी गुणांनी. पोथीचं काय झालं विचाराल, तर आक्काताईंनी तिच्या पानांत पापड बांधून विकले, आणि ते पापड कढईत टाकले की आपोआप वाफेची व्याख्या म्हणायचे असं माधवनगरात सांगतात. पापडाचं सोडा, पण एक गोष्ट अगदी खरी : पुढच्या पगाराला गुंडानं आंगठा केला नाही. सही केली. ती करायला त्याला चार मिनिटं लागली, आणि त्या चार मिनिटांत रंगूनं घंटा दिली.

वाचकहो, मास्तरकी ही उरलेल्यांची जागा नव्हे. तिथं छाती मोजत नाहीत, म्हणून ती लागत नाही असं समजू नका. ज्याला येतं त्याच्याकडून वदवून घ्यायला कोणीही चालतं. ज्याला येत नाही त्याच्या शेजारी बूड टेकून बसायला माणूस निवडून, पारखून घ्यावा लागतो. तुमच्या घरात तसा कुणी पोरगा किंवा पोरगी असेल, तर त्यांना कुठंच घेईनात म्हणून शाळेत धाडू नका. कुठंही घेतील अशी असतील, तर आधी शाळेला द्या!

आणि कोरेगावच्या बाजारात आजही कुणी हवालदारांना विचारलं, की पोरगा काय करतो, तर ते पिळदार मिशीवरून हात फिरवून सांगतात, "मास्तर हाय." आणि समोरच्यानं "आसं का?" म्हणायच्या आतच पुढचं जोडतात, "छाती बसत आसताना!"